टाकीतला ऊस



पाठीवरच्या पेट्रोल पंपाने ऐन वेळी दगा दिला नाही, असे घर आपल्या भागात सापडणे कठीण. माझाच अनुभव सांगतो. जुलैचा शेवटचा आठवडा होता. सोयाबीन गुडघ्याला लागले होते. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली होती आणि पानांवर अळी दिसू लागली होती. औषध आणून ठेवलेले, पिंपात पाणी भरलेले, फवारणीला दोन माणसे सांगितलेली. गेल्या हंगामात गोठ्याच्या माळ्यावर टाकलेला पंप खाली काढला आणि दोरी ओढली. एकदा ओढली, दहादा ओढली, चाळीसदा ओढली. खांदा भरून आला तरी पंप काही बोलेना. एकदा कसाबसा सुरू झाला, फडफडला आणि बंद पडला तो पडलाच. शेवटी शेजाऱ्याचा हातपंप मागून आणला. दोन एकरांना दोन दिवस लागले, तिसऱ्या दिवशी पाऊस आला. राहिलेल्या तुकड्यात अळीने काय केले ते आता उगाळत बसत नाही.

पंप उचलून उमरग्याला नेला. हायवेच्या कडेला ज्या मिस्त्रीकडे आमच्या गावची सगळी यंत्रे जातात, त्याने हत्यारांना हातही लावला नाही. टाकीतले पेट्रोल त्याने एका पांढऱ्या बाटलीत ओतले आणि बाटली सावलीत फळीवर ठेवली. पाच मिनिटांनी मला बोलावून म्हणाला, “बगा मालक, तुमचा ऊस खाली बसलाय.”

बाटलीत दोन थर होते. वरचा थर ऑइलच्या रंगाचा. खाली बोटभर जाडीचा, जरासा गढूळ, पाण्यासारखा दुसरा थर. पंपाची नळी टाकीच्या तळाशी असते. ती बिचारी हा खालचा थर ओढीत होती, आणि त्यावर इंजिन चालणार कसे?

“तुमचा ऊस” हे त्याने थट्टेने म्हटले खरे, पण त्यात खोटे काही नव्हते. हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या जातात. मुरूमचा विठ्ठलसाई कारखाना तर आपल्याच तालुक्यातला. राज्यातल्या अशा कारखान्यांच्या उसातून जे इथेनॉल निघते, ते आज पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याच फटफटीच्या टाकीत परत येते. पंपावर जाऊन साधे पेट्रोल मागितले तर लिटरमागे सुमारे पाचवा हिस्सा इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. म्हणून हे पाहुणे काय खातात, कशाला रुसतात, हे घरात माहीत असलेले बरे. कारण पाहुणे आता कायमचे राहायला आले आहेत.

पाहुण्यांचे कूळ

इथेनॉल हे नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. साखर तयार झाल्यावर काळी, घट्ट मळी उरते. ती पाण्यात पातळ करून तीत यीस्ट सोडले की ती आंबते आणि साखरेचा मद्यार्क होतो. तो तापवून, त्याची वाफ थंड करून वेगळा काढायचा. हे काम डिस्टिलरी करते. गंमत अशी की नुसते ऊर्ध्वपातन कितीही केले तरी मद्यार्क शेकडा ९५-९६ च्या पुढे शुद्ध होत नाही. उरलेले चार-पाच भाग पाणी त्याला धरून बसते. ते काढण्यासाठी वाफ एका खास चाळणीतून नेतात. या चाळणीत बारीक छिद्रांचे खडे असतात. पाण्याचे कण छिद्रात शिरून अडकतात, मद्यार्काचे कण मोठे असल्याने पुढे जातात. अशा रीतीने शेकडा ९९.५ च्या वर कोरडे झालेले इथेनॉलच पेट्रोलमध्ये चालते.

या चाळणीची एक आठवण आपल्या जिल्ह्याची आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरत होती. तेव्हा कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातल्या चाळणीचे खडे बदलले, आणि जी यंत्रसामग्री मद्यार्कातून पाणी वेगळे काढीत होती, तिच्यातून हवेतला प्राणवायू वेगळा काढला. विषय थोडा बाजूला गेला, पण हे काम विसरू नये असे आहे.

मुद्दा हा की, कारखान्याने एवढा खटाटोप करून जे पाणी काढले, ते पुन्हा मिळवण्यासाठी इथेनॉल आयुष्यभर टपलेले असते. त्याची पेट्रोलशी सोयरीक नवी आहे, पाण्याशी जुनी. म्हणूनच ते पेट्रोलच्या लांबच्या पाइपलाइनमधून पाठवीत नाहीत. कारखान्याहून टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत नेतात, आपल्याकडे सोलापूरजवळ पाकणीला आहेत तसल्या डेपोत, आणि तिथे पेट्रोलमध्ये मिसळतात.

एक टन ऊस गाळला, त्याची साखर काढली आणि उरलेल्या शेवटच्या मळीचे इथेनॉल केले, तर ते साधारण दहा-अकरा लिटर भरते. साखर न करता सगळा रसच आंबवला तर सत्तर लिटरच्या आसपास. तुमच्या फटफटीच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल मावत असेल, तर त्यात दोन लिटर इथेनॉल आहे. म्हणजे टनभर उसाच्या मळीवर पाच टाक्या भरतात.

हे सारे आत्ताच निघालेले खूळ आहे असे कोणी समजू नये. आपला तालुका निजामाच्या राज्यात होता, त्या राज्यात बोधनच्या निजाम साखर कारखान्याकडे मळीपासून ‘पॉवर अल्कोहोल’ तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग होते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, तेव्हा अशा अल्कोहोलला फार भाव होता. १९४८ मध्ये तर देशात पॉवर अल्कोहोलचा कायदाही झाला. पुढे पेट्रोल स्वस्त झाले आणि सगळे मागे पडले. तिकडे ब्राझीलने मात्र १९७३च्या तेलटंचाईचा चटका बसताच १९७५ साली उसाच्या अल्कोहोलची राष्ट्रीय योजनाच हाती घेतली. १९७९ मध्ये तिथे नुसत्या अल्कोहोलवर चालणारी मोटार विक्रीला आली. आज तिथल्या पेट्रोलमध्ये शेकडा ३० इथेनॉल असते.

आपल्याकडे पुन्हा सुरुवात झाली ती महाराष्ट्रातूनच. २००१ साली शेकडा पाच मिश्रणाचा प्रयोग तीन ठिकाणी केला गेला: आपल्याकडे मिरज आणि मनमाड, आणि तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीकडे. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्क्यांची योजना आली. त्यानंतरची पंधरा वर्षे ती रडतखडत चालली. मग एकदम वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल काही पंपांवर दिसू लागले, आणि २०२५ मध्ये ते देशभर झाले. दहा वरून वीस व्हायला तीन वर्षे लागली. आपल्या दारातली फटफटी मात्र दहा-बारा वर्षांची. अडचण तिथे आहे.

मायलेजचा हिशेब

पहिली तक्रार सगळ्यांची एकच असते: गाडी पूर्वीइतकी देत नाही. तक्रार खरी आहे. लिटरभर इथेनॉल जाळले तर लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता मिळते. पाचवा हिस्सा असे इथेनॉल घातले की लिटरमधली एकूण उष्णता शेकडा सहा-सात भागांनी घटते. प्रत्यक्षात सगळी घट मायलेजमध्ये उतरत नाही, कारण इथेनॉल इंजिनात ठोका येऊ देत नाही आणि ज्वलन नीट होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींना शेकडा तीन-चार आणि तशाच चारचाकींना सहा-सात घट सांगितली आहे. वीस टक्क्यांसाठीच जुळवलेल्या चारचाकींत ती एक-दोनवर येते.

घरचा हिशेब मांडू. फटफटी लिटरला साठ किलोमीटर देत होती आणि महिन्याला बाराशे किलोमीटर फिरणे होते, म्हणजे शेत, बाजार, मुलांचे कॉलेज सगळे धरून. पूर्वी वीस लिटर लागत. चार टक्के घट धरली तर एकवीस लिटरला थोडे कमी लागेल. पाऊण-एक लिटर वाढले. शंभराच्या पुढे गेलेल्या दराने महिन्याला ऐंशी-नव्वद रुपये झाले. घर बुडेल असा हा आकडा नाही, पण वर्षाचे हजार रुपये आपण जास्त देतो आणि पंपावरचा दर त्यामुळे काही उतरलेला दिसला नाही, हेही तितकेच खरे. जर कोणी लिटरला साठची गाडी चाळीसवर आली असे सांगत असेल, तर मात्र दोष इथेनॉलवर ढकलून बसू नये. टायरची हवा, साखळी, क्लच, एअर फिल्टर बघून घ्यावे. सध्या गावोगाव असे झाले आहे की बुलेटचा दिवा गेला तरी इथेनॉलचे नाव घेतात.

हा वाद वरपर्यंत गेला होता. बिनइथेनॉलचे पेट्रोलही पंपावर मिळावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा आहे त्या पेट्रोलवर आपली यंत्रे कशी टिकवायची, एवढाच प्रश्न आपल्या हातात उरतो.

कोणत्या यंत्राला कसला धोका

आधी ट्रॅक्टरवाल्यांनी निर्धास्त व्हावे. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि ही सारी कथा पेट्रोलची आहे. डिझेल इंजिनात पेट्रोल किंवा अल्कोहोल घालण्याचा प्रयोग कोणी सांगितला तरी करू नये.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग वीस टक्के इथेनॉलला टिकतील असे केलेले असतात. पेट्रोलच्या झाकणाजवळ ‘ई-२०’ अशी खूण बहुधा दिसते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन पेट्रोलचा फवारा मारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच्यासोबत हवा कमी लागते. नवी गाडी धुराच्या नळीतला सेन्सर बघून पेट्रोल आपोआप थोडे वाढवते. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीला ही अक्कल नाही. ती पूर्वीइतकीच हवा ओढते, मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते, सकाळी चोक जास्त वेळ मागते आणि चढावर मिसिंग करते. प्लग काढून बघा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असले तर ठीक आहे. ते पांढुरके पडलेले असले तर मिश्रण पातळ आहे असे समजून मिस्त्रीकडून कार्बोरेटर जुळवून घ्यावा. काम पंधरा मिनिटांचे आहे. स्वतः पेचकस घेऊन बसू नये, मी बसलो होतो आणि दुसऱ्यांदा उमरग्याची खेप घातली.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या पेट्रोल नळ्या, वॉशर, कॉर्कचे पॅकिंग इथेनॉलमुळे फुगते, चिकट होते किंवा कडक होऊन तडकते. नळी बोटात दाबून बघा. ती चिकट लागली, तडे दिसले किंवा कॉकजवळ ओल दिसली, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. नवी नळी घेताना इथेनॉलला चालणारी आहे का हे विचारून घ्यावे.

तिसरे म्हणजे टाकीतला गंज आणि चिकटा. इथेनॉल हे उत्तम धुणारे द्रव्य आहे. दहा वर्षे टाकीच्या तळाला बसलेली घाण ते सोडवते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन घालते. पहिल्या काही टाक्यांनंतर गाडी अडखळू लागली तर टाकी आणि फिल्टर एकदा साफ करून घ्यावे. पुढे सहसा हा त्रास राहत नाही.

पण मला विचाराल, तर रोज चालणाऱ्या फटफटीची काळजी फार करू नये. तिच्यातले पेट्रोल आठवड्यात संपते, शिळे व्हायला वेळच मिळत नाही. खरा धोका आहे तो पडून राहणाऱ्या यंत्रांना. फवारणीचा पंप, गवत कापायचे यंत्र, छोटे वखरणी यंत्र, लग्नकार्यापुरता बाहेर निघणारा जनरेटर, आजोबांची आठवण म्हणून गोठ्यात उभी केलेली जुनी राजदूत किंवा लुना.

का, ते आता बघू. पूर्वी पेट्रोलमध्ये थेंबभर पाणी गेले तर ते तळाशी मोत्यासारखे पडून राही. कॉक उघडून सोडून दिले की काम झाले. इथेनॉल असलेले पेट्रोल ते थेंबभर पाणी पोटात घेते आणि जाळूनही टाकते. इथवर हा फायदाच आहे. पण त्याच्या पोटाला मर्यादा आहे. दहा टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा पाणी मावते. वीस टक्क्यांत त्याहून थोडे अधिक. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरते, आणि तेही एकदम. मग एका चमच्याचा प्रश्न राहत नाही, टाकीचा पाचवा हिस्सा निरुपयोगी होतो. वर उरलेले पेट्रोलही पूर्वीच्या ताकदीचे राहत नाही. बाटली कितीही हलवा, ते पुन्हा एकजीव होत नाही. थोडा वेळ गढूळ दिसते आणि परत बसते.

फटफटीच्या दहा लिटरच्या टाकीला असे व्हायला वाटीभर पाणी लागेल. फवारणी पंपाची टाकी लिटर-सव्वालिटरची. तिला दोन चमचे पुरतात. माझ्या पंपाच्या झाकणाचा वॉशर तडकलेला होता आणि माळ्यावर पत्र्यातून थेंब ठिबकत होते. एवढेच कारण. दुसरे असे की थंडी पडली की पाणी पोटात घेण्याची ही शक्ती घटते. ऑक्टोबरात स्वच्छ दिसणारे पेट्रोल मार्गशीर्षातल्या रात्री फुटू शकते. हवेतल्या दमटपणानेही पाणी शिरते, पण ते काम सावकाश चालते. त्याचा बाऊ करण्यापेक्षा झाकण आणि पत्रा बघावा.

टू-स्ट्रोक यंत्राला तर याचा दुहेरी फटका बसतो. त्यात इंजिन ऑइल वेगळे नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहते आणि नळी खालचा बिनतेलाचा थर ओढते. असे इंजिन बंद पडले तर देवाची कृपा म्हणायची. ते चालत राहिले तर पिस्टन जाम होतो आणि मग खर्च शेकड्यात नाही, हजारात जातो. मिस्त्री म्हणाला, “मालक, दोरी ओढून ओढून चालू झाला नाही हे तुमचं नशीब.”

तर काय करावे? हंगाम संपला, तुरीची शेवटची फवारणी झाली, की पंपाची टाकी पूर्ण रिकामी करावी. नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. मग दोरी ओढून इंजिन सुरू करावे आणि कार्बोरेटरमधले उरलेले संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. झाकण पुसून घट्ट लावावे, त्याचा वॉशर दरवर्षी बदलावा, आणि पंप गोठ्यात न ठेवता घरात कोरड्या जागी, चुलीपासून लांब ठेवावा. पेट्रोल आणि ऑइलचे मिश्रण दोन-चार दिवसांच्या कामापुरतेच करावे. प्रमाण पुस्तकात दिले असेल तेच. ‘थोडं जास्त ऑइल असलेलं बरं’ म्हणून हात सैल सोडला की प्लग काळा पडतो आणि धूर होतो. जुलैत पेट्रोल आणताना नवे आणावे, गेल्या वर्षीच्या डब्यातले नको.

फटफटी पावसात उभी करायची वेळ आली तर टाकीच्या झाकणावर प्लास्टिकचा कागद टाकावा. नळीचे जोराचे पाणी झाकणावर मारून गाडी धुऊ नये. महिनाभर ती उभीच राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, एक तर पूर्ण भरावी नाही तर पूर्ण रिकामी करावी.

पंपावरून आणलेल्या पेट्रोलचा संशय आला तर एक साधी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या ग्लासात पेट्रोल घ्या, दहा मिनिटे ठेवा. पाणी न घालताच तळाला वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल पंपाच्याच टाकीत बिघडलेले आहे. तेव्हाच्या तेव्हा तक्रार करा, तक्रारवही मागा. फिल्टर पेपरची तपासणी आणि पाच लिटरचे माप बघणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? आणि इथेनॉल किती आहे हेच बघायचे असेल, तर शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींकडून खुणा असलेली काचनळी मागून आणा. पन्नास मिलिलिटर पाणी आणि पन्नास मिलिलिटर पेट्रोल घालून हलवा आणि ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते, म्हणून खालचा थर पन्नासवरून साठच्या आसपास चढतो. वाढलेले दहा म्हणजे पन्नासचा पाचवा हिस्सा. मी हे अंगणात करून दाखवले तेव्हा नातवंडे तर सोडाच, बायकाही कामे टाकून बघायला आल्या. मात्र हे उघड्यावर करायचे, आणि जवळ कोणी विडी पेटवलेली असता कामा नये.

घरातल्या माणसांसाठी

माता-भगिनींना एक सांगणे आहे. पंपासाठी आणलेले पेट्रोल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती आजपासून बंद करा. लहान मूल त्यात फरक करीत नाही. पेट्रोलसाठी घट्ट झाकणाचा वेगळा डबा असावा, त्यावर ठळक खूण करावी, आणि तो घराबाहेर कुलपात ठेवावा. पोराने चुकून पेट्रोल प्यायले तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ओकताना पेट्रोल छातीत जाते आणि तेच जिवावर बेतते. मुलाला तसेच उचलून दवाखाना गाठावा.

टाकीतून टाकीत पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढण्याची रीतही सोडावी. त्यासाठी हातपंप मिळतो. आणि पेट्रोलमध्ये दारूचाच भाऊ आहे हे ऐकून कोणाच्या डोळ्यात चमक आली असेल, तर त्याला चारचौघांत सांगून ठेवा की त्या खालच्या थरात पेट्रोलचे विष उतरलेले असते. ते पोटात गेले तर माणूस घरी परत येत नाही.

बिघडलेले पेट्रोल चुलीत ओतू नका, विहिरीकडे जाणाऱ्या नाल्यातही नको. झाकण लावून गॅरेजवर नेऊन द्या.

आता उसाविषयी दोन शब्द, कारण आपण दोन्ही बाजूंना आहोत. पेट्रोल विकत घेणारेही आपण आणि ऊस विकणारेही आपण. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो आणि उसाचे बिल वेळेवर मिळण्याची आशा वाढते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपाच्या हंगामात, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात मर्यादा घालून ती सैल केली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी पुन्हा मोकळीक दिली. त्याच सुमारास मक्याच्या इथेनॉलला उसापेक्षा जास्त दर मिळाला आणि धान्याचे इथेनॉल उसाच्या पुढे गेले. मका करणाऱ्याने याची नोंद घ्यावी.

आणि पाणी. नीती आयोगाच्याच अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी धरले आहे. मळीपासून केले तर ते पाणी साखरेसाठी लागलेच होते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरी हिशेब करून बघा. फटफटीच्या टाकीत दोन लिटर इथेनॉल म्हणजे पाच हजार सातशे लिटर पाणी. गावात येतो तो एक टँकर. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आले होते. ते आले मिरजेहून, जिथे पंधरा वर्षांपूर्वी इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला होता. मी माझ्या अर्ध्या एकर उसाला ठिबक बसवले आहे आणि आणखी ऊस वाढवणार नाही. तुमच्या विहिरीचे तुम्हाला ठाऊक.

पंपाचे सांगायचे राहिले. मिस्त्रीने कार्बोरेटर धुतला, जेट साफ केला, नळी आणि वॉशर बदलला आणि साडेतीनशे रुपये घेतले. त्या हिवाळ्यात तुरीची फवारणी झाल्यावर मी टाकी रिकामी केली, इंजिन कोरडे होईपर्यंत चालवले आणि पंप गोणपाटात गुंडाळून मधल्या खोलीत ठेवला. घरातून बोलणी खाल्ली. मृग निघाल्यावर खाली काढून नवे पेट्रोल घातले आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला बोलला.